फर्स्ट पर्सन आरपीजी निवडताना: कॅरेक्टर खरोखर घडतं का, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं

‘स्कायरिमसारखा, पण कॅरेक्टर घडवण्याला खरा अर्थ असलेला एखादा फर्स्ट पर्सन गेम सांगा.’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. (फर्स्ट पर्सन म्हणजे कॅरेक्टरच्या डोळ्यांतून दिसणारा गेम; आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात भूमिका आपण घडवतो.) विचारणाऱ्यानं त्याआधी दोन-चार गेम घेऊन अर्धवट सोडलेले असतात, आणि चूक दरवेळी एकाच वाटेनं गेलेली असते. आधी कुठलीतरी यादी उघडायची, तिच्यातला सेलमध्ये स्वस्त मिळणारा गेम घ्यायचा, नाक-डोळे-केस ठरवण्यात पाऊण तास घालवायचा आणि पॉइंट सगळ्या स्किल्सना प्रसादासारखे थोडे थोडे वाटायचे. दहा-बारा तासांनी लक्षात येतं की दुसरं कुठलंही कॅरेक्टर बनवलं असतं तरी अगदी हेच घडलं असतं.

या लेखापुरती ‘अर्थपूर्ण कॅरेक्टर’ची माझी व्याख्या एवढीच आहे: तुम्ही जे निवडलं नाहीत, त्याची उणीव गेममध्ये जाणवली पाहिजे. निवडलेल्या गोष्टीचा फायदा प्रत्येकच गेम दाखवतो. न निवडलेल्या गोष्टीची किंमत मागणारे गेम थोडे आहेत, आणि आपल्याला तेच शोधायचे आहेत.

टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. तिसरा आणि चौथा टप्पा पैसे देण्याआधीचे आहेत. बहुतेक जण ते गेम घेतल्यावर करतात, आणि तिथेच फसतात.

## टप्पा १: वहीत तीन ओळी लिहा

शोधायला बसण्याआधी कागदावर तीन ओळी उतरवा. डोक्यात ठेवून चालत नाही, कारण स्टोअरचं पान उघडलं की त्यातली चित्रं डोक्यातलं सगळं पुसून टाकतात.

पहिल्या ओळीत तुम्हाला आवडलेल्या गेममधला एक क्षण लिहा. गेमचं नाव नको, क्षण हवा. ‘कुलूप उघडता येईना म्हणून पहारेकऱ्याला पटवून आत गेलो’ हा एक क्षण झाला. ‘नव्या बंदुकीचं डॅमेज जुनीच्या दुप्पट निघालं’ हा दुसरा. दोन्ही आनंद खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या दुकानांत मिळतात. दुसऱ्या प्रकारचा क्षण लिहिला असेल तर तुम्हाला बॉर्डरलँड्ससारखे लूटर शूटर, म्हणजे गोळ्या घालत नवनवी शस्त्रं लुटण्याचे गेम, हवे आहेत, आणि हा लेख तुमच्या फारशा उपयोगाचा नाही.

दुसऱ्या ओळीत तुम्हाला काय सहन होणार नाही ते लिहा. समोर उभ्या शत्रूवर तलवार चालवली आणि आकड्यांच्या हिशोबात वार चुकला, हे चालेल का? कुठेही सेव्ह करता येत नाही, हे चालेल का? पानंच्या पानं संवाद वाचायची तयारी आहे का? वीस वर्षांपूर्वीचे चेहरे आणि हालचाली बघवतील का? इथे स्वतःशी खरं बोला. या प्रकारातले अनेक उत्तम गेम जुने आहेत, आणि ते सोडून देण्यामागे बहुतेक वेळा यातलंच एखादं कारण असतं.

तिसरी ओळ मशीनची आणि वेळेची. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप असेल तरी ड्यूस एक्स, सिस्टिम शॉक २, मॉरोविंड, व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स आणि फॉलआउट: न्यू वेगास तुमच्या आवाक्यात आहेत. सायबरपंक २०७७, किंगडम कम किंवा अव्हाउड नाहीत.

तपासणी: पहिल्या ओळीत ‘ओपन वर्ल्ड’, ‘ग्राफिक्स’ किंवा ‘स्टोरी’ हे शब्द आले असतील तर ती ओळ खोडून पुन्हा लिहा. तो क्षण नाही, जाहिरात आहे.

## टप्पा २: चाळणी लावा

आधी ‘फर्स्ट पर्सन’ म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवं ते ठरवा. ड्यूस एक्स, सिस्टिम शॉक २, प्रे, किंगडम कम आणि पहिला आउटर वर्ल्ड्स हे जवळपास पूर्णपणे कॅरेक्टरच्या डोळ्यांतून चालतात. एल्डर स्क्रोल्स आणि फॉलआउट मालिकेतल्या गेममध्ये कॅमेरा हवा तेव्हा आत-बाहेर करता येतो. काही गेम मधेच तुम्हाला शरीराबाहेर काढतात: ब्लडलाइन्समध्ये हातघाईच्या वेळी, ड्यूस एक्स: ह्युमन रिव्होल्यूशनमध्ये आडोसा घेतल्यावर. चौथा प्रकार पूर्ण टोळी घेऊन पहिल्या नजरेतून फिरण्याचा. विझर्ड्री ८ किंवा माइट अँड मॅजिक ७ मध्ये घडवण्याची खोली प्रचंड आहे, पण तुम्ही एक माणूस नसता, अख्खी तुकडी असता. एकट्याच्या भूमिकेत शिरायचं असेल तर हे आत्ता बाजूला ठेवा.

‘खोल आरपीजी सांगा’ म्हटलं की लोक डिस्को इलिझियम किंवा विचर ३ सुचवतात. सल्ला प्रेमापोटी असतो, पण यातला एकही फर्स्ट पर्सन नाही. नाव खोडा आणि पुढे चला.

आता स्टीमचे, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचे, टॅग. सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. ‘कॅरेक्टर कस्टमायझेशन’ हा टॅग बघून वाटतं की आपल्याला हवं ते हेच. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा चेहरा, कपडे आणि केशरचना यांच्याबद्दल असतो. ‘चॉइसेस मॅटर’ हा टॅग कथेतल्या निवडींबद्दल असतो: कुणाला वाचवलं, कुणाची बाजू घेतली. गेमचे चार शेवट असले तरी त्यातला एकही तुमच्या स्किल्सवर अवलंबून नसेल, असं अगदी सहज होऊ शकतं. म्हणून ‘फर्स्ट पर्सन’ आणि ‘आरपीजी’ हे दोन टॅग लावा आणि ‘लूटर शूटर’ वजा करा. स्टीमच्या शोधात टॅग वगळायचीही सोय आहे. मग हाच शोध ‘इमर्सिव्ह सिम’ (एकाच अडचणीतून अनेक वाटा काढू देणारे गेम) या टॅगनं पुन्हा करा. ‘प्रे’सारख्या गेमवर आरपीजी हे लेबल ठळक नसतं, त्यामुळे फक्त आरपीजी शोधणाऱ्याच्या हातून असे गेम निसटतात.

> सावध: मालिकेचं नाव म्हणजे खात्री नव्हे. न्यू वेगासमध्ये (२०१०) तेरा स्किल्सचे आकडे आहेत आणि संवादांत ते सतत तपासले जातात. फॉलआउट ४ मध्ये (२०१५) स्किल्स पूर्ण काढून टाकली आहेत, फक्त पर्क, म्हणजे लेव्हल वाढली की निवडायच्या खास क्षमता, उरले आहेत. आधीचा भाग आवडला म्हणून पुढचा घेतला, या वाटेनं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

चाळणीनंतर पाच-सहा नावं उरली पाहिजेत. वीस उरली असतील तर पहिल्या टप्प्यातली दुसरी ओळ पुन्हा लावा.

## टप्पा ३: पर्कची यादी वाचा आणि क्रियापदं मोजा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो जवळपास कुणीच करत नाही. उरलेल्या प्रत्येक गेमची पर्क किंवा स्किल्सची यादी शोधून काढा. चाहत्यांच्या विकीवर ती असतेच. जुन्या गेमचं मॅन्युअल जीओजी या ऑनलाइन दुकानात गेमसोबत मिळतं आणि ते वाचण्यासारखं असतं. या यादीत कथेचं गुपित सहसा फुटत नाही, त्यामुळे निर्धास्तपणे वाचा.

यादीतल्या प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: यानं मला नवीन क्रियापद मिळतं का, की जुन्याच क्रियापदाला टक्के चिकटतात?

उदाहरणं घेऊ. स्कायरिममधला ‘आर्म्समन’ हा पर्क एकहाती शस्त्रांचं डॅमेज वीस टक्के वाढवतो, आणि तो पाच वेळा घेता येतो. तुम्ही आधीही मारत होता, आता जास्त जोरात मारता. न्यू वेगासमध्ये ‘ज्युरी रिगिंग’ घेतला की एका वस्तूची दुरुस्ती साधारण तशाच दुसऱ्या वस्तूचे भाग वापरून करता येते. काल जे भंगार टाकून देत होता, ते आज उचलता. सामान गोळा करण्याची सवय बदलते, पैशाचा हिशोब बदलतो. त्याच गेममधला ‘टेरिफाइंग प्रेझेन्स’ संवादात धमकावण्याची नवी वाक्यं देतो. ‘प्रे’मध्ये ‘लेव्हरेज’ घेतलं की जड सामान उचलून फेकता येतं, म्हणजे अडवलेला दरवाजा मोकळा करता येतो. किंगडम कममध्ये तर गोष्ट ‘वाचता येणं’ इथपर्यंत जाते. १४०३ सालच्या बोहेमियातला हा लोहाराचा पोरगा निरक्षर आहे. उझित्झच्या लेखनिकाकडे जाऊन शिकेपर्यंत पुस्तकातली अक्षरं तुम्हालाही विस्कटलेलीच दिसतात.

वीस नोंदी वाचा आणि वहीत दोन रकाने करा: ‘टक्के’ आणि ‘क्रियापद’. काटेकोर मोजणीची गरज नाही. माझा अंदाज असा की वीसपैकी सहा-सातही क्रियापदं निघाली तर गेम पुढच्या टप्प्यात न्यावा. अठरा टक्केवाले निघाले तर तो शूटर किंवा तलवारबाजीचा गेम आहे, त्याला आरपीजीचा सदरा घातला आहे. तो मजेदार असेलही, पण तुम्ही शोधत असलेला नव्हे.

> सावध: पर्कच्या संख्येला भुलू नका. ‘दोनशेहून अधिक स्किल्स’ असं पानावर लिहिलेलं असतं, आणि आत ‘पिस्तूल पाच टक्के’, ‘पिस्तूल दहा टक्के’, ‘पिस्तूल पंधरा टक्के’ अशी माळ ओवलेली निघते. ड्यूस एक्समध्ये अवघी अकरा स्किल्स आहेत आणि प्रत्येकाच्या चारच पायऱ्या.

## टप्पा ४: कुठली दारं बंद होतात ते बघा

क्रियापदं मिळाली तरी काम संपलं नाही. सगळी क्रियापदं एकाच कॅरेक्टरला शेवटी मिळणार असतील, तर निवड फक्त क्रमाची उरते, माणसाची नाही. म्हणून तीन गोष्टी तपासा.

पहिली, कमाल मर्यादा. एका फेरीत सगळं पूर्ण करता येतं का? स्कायरिममध्ये लेव्हलला शेवट असा उरलेला नाही, शंभरला पोचलेलं स्किल पुन्हा १५ वर आणून वाढवता येतं, त्यामुळे वेळ दिला तर एकच जण सगळं होतो. सायबरपंकमध्ये पाच मूळ गुण वीसपर्यंत जातात, पण पाचही शेवटपर्यंत नेता येत नाहीत. दारं ढकलायची, यंत्रं उघडायची की हॅक करायचं, हे ठरवावंच लागतं. ड्यूस एक्समध्ये ऑगमेंटेशनची (शरीरात बसवायच्या यांत्रिक शक्तीची) प्रत्येक डबी दोन पर्याय पुढे करते. एक घेतला की दुसरा गेला. परत फिरण्याची सोय नाही.

दुसरी, जग कॅरेक्टरकडे बघतं का? मॉरोविंड (२००२) आणि स्कायरिम (२०११) शेजारी ठेवून बघा. मॉरोविंडमध्ये जादूगारांच्या संघात वरची पायरी हवी तर त्या संघाला प्रिय असलेले गुण आणि स्किल्स ठरावीक आकड्यापर्यंत न्यावीच लागतात. नुसती कामं उरकून बढती नाही. स्कायरिममध्ये जेमतेम मंत्र येणारा कुऱ्हाडवालाही विंटरहोल्डच्या विद्यालयाचा प्रमुख होतो. स्कायरिम मला मनापासून आवडतो, पण या एका कसोटीवर तो उतरत नाही, आणि ‘स्कायरिमसारखा पण…’ असं म्हणणाऱ्याला खटकत असतं ते बहुतेक हेच.

आणखी दोन उदाहरणं. ब्लडलाइन्समध्ये (२००४) व्हॅम्पायरांची सात कुळं आहेत. नोस्फेराटू कुळातला इतका विद्रूप असतो की लोकांसमोर दिसणं हाच नियमभंग ठरतो. शहर तेच, पण तो रस्ता टाळून गटारांतून हिंडतो. माल्कावियन घेतला तर स्वतःचे संवादच भ्रमिष्ट भाषेत येतात. ‘प्रे’मध्ये (२०१७) परग्रही शक्ती जास्त टोचून घेतल्या तर अंतराळ स्थानकावरच्या आपल्याच स्वयंचलित बंदुका तुम्हाला परग्रही समजून गोळ्या घालू लागतात. शक्ती घेतली तर तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत जग वसूल करतं.

तिसरी, अनुभवाचे पॉइंट कशाबद्दल मिळतात? ही छोटी गोष्ट वाटते, पण सगळा तोल तिच्यावर आहे. मारल्याबद्दलच पॉइंट मिळत असतील तर बोलून सुटणारं कॅरेक्टर कायम मागे पडतं आणि खेळणारा नकळत मारामारीकडे ढकलला जातो. ड्यूस एक्स आणि ब्लडलाइन्स या दोन्हींत मारल्याबद्दल काही मिळत नाही. कामगिरी पूर्ण केल्याबद्दल मिळतं, ड्यूस एक्समध्ये लपलेल्या जागा शोधल्याबद्दलही. चोरपावलांनी गेलात किंवा बोलून गेलात तरी नुकसान होत नाही.

पॉइंट परत वाटून घेण्याची सोय, म्हणजे रिस्पेक, असेल तर? काही जण ती दिसताच गेम बाद करतात. मला हे टोकाचं वाटतं. सायबरपंकमध्ये सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतर (पॅच म्हणजे गेममधली नंतरची सुधारणा) मूळ गुण एका फेरीत एकदाच बदलता येतात. ती चुकीची दुरुस्ती झाली. पण प्रत्येक मुक्कामावर थोडी नाणी देऊन सगळं बदलता येत असेल, तर कुलूप समोर आलं की कुलूपवाला आणि भांडण आलं की पैलवान असं होऊन बसतं. तशा गेममध्ये रिस्पेक करायचा नाही हे स्वतःच ठरवून टाका.

तपासणी: प्रत्येक उरलेल्या गेमसाठी ‘___ घेतलं तर ___ मिळणार नाही’ हे वाक्य भरा. भरता आलं नाही, तर तो गेम वहीतून खोडा.

## टप्पा ५: रिव्ह्यू वाचायची पद्धत

यावर फार वेळ घालवू नका. स्टीमवर खेळलेल्या तासांनुसार रिव्ह्यू गाळता येतात. वीस तासांहून अधिक खेळलेल्यांचे घ्या आणि त्यात ‘दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा’ असं कुणी लिहिलंय का ते बघा. दुसऱ्या फेरीत काय बदललं हे सांगणारा एक रिव्ह्यू ‘मास्टरपीस’ लिहिणाऱ्या शंभरांपेक्षा मोलाचा आहे. नकारात्मक रिव्ह्यूही वाचा. ‘माझं कॅरेक्टर बिघडलं आणि पुढे जाताच येईना’ अशी तक्रार दिसली तर थोडं खूश व्हा. तिथे निवडीला वजन आहे.

## टप्पा ६: आवृत्ती, पॅच आणि परतावा

जुना गेम घेताना नावावर नव्हे, आवृत्तीवर लक्ष द्या. ब्लडलाइन्स मूळ स्थितीत खेळू नका, चाहत्यांनी केलेला अनऑफिशियल पॅच लागतोच. जीओजीवरच्या प्रतीत तो आधीच घातलेला आहे. मॉरोविंडसाठी ओपनएमडब्ल्यू हे नवं इंजिन वापरलं तर आजच्या विंडोजवर आणि रुंद स्क्रीनवर त्रास कमी होतो. मूळ गेमच्या फाइल्स मात्र तुमच्याकडे हव्यात. सिस्टिम शॉक २ ची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे.

पॅच आणि मॉड यांत गल्लत करू नका. चुका दुरुस्त करणारा पॅच पहिल्याच दिवशी टाका. खेळाचे नियम बदलणारा मॉड पहिल्या फेरीत अजिबात टाकू नका. ‘मॉरोविंडमधले वार चुकणं बंद करा’ असा मॉड लोक आधी टाकतात आणि मग म्हणतात, स्किल्सना काही अर्थच नाही. अर्थ त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलेला असतो.

परताव्याचा नियम पाठ हवा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. जीओजीवर ३० दिवसांची मुदत आहे.

> सावध: गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी स्टीमचं घड्याळ चालूच असतं. ग्राफिक्सची जुळवाजुळव आणि चेहरा बनवणं हेही त्याच दोन तासांत धरलं जातं. डोकं गरगरत असेल तर फील्ड ऑफ व्ह्यू (एका नजरेत किती दिसतं तो कोन) आधी वाढवा, ते सेटिंग सुरुवातीलाच शोधून ठेवा.

## टप्पा ७: दोन तासांची चाचणी

आता गेम घ्या आणि बसा. पण नेहमीसारखं खेळू नका. दोन तासांत एक नाही, दोन कॅरेक्टर चालवायची आहेत, आणि ती एकमेकांच्या उलटी हवीत. चेहऱ्याला दोन मिनिटं.

न्यू वेगासवर ही चाचणी कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण त्याची सुरुवात जणू याचसाठी बांधली आहे. डॉक मिचेलच्या घरात सात मूळ गुण वाटता, तीन स्किल्सवर खूण करता. पहिलं कॅरेक्टर बोलणारं करा: स्पीच, बार्टर, रिपेअर. दुसरं हातघाईचं: गन्स, एक्स्प्लोसिव्ह्ज, लॉकपिक. दोघांनाही गुडस्प्रिंग्ज गावातच ठेवा. दारूच्या गुत्त्यातला रेडिओ रिपेअरवाला दुरुस्त करून देतो, दुसऱ्याला जमत नाही. शाळेतली तिजोरी कुलूप उघडूनही उघडते आणि कॉम्प्युटर हॅक करूनही. मग गावावर गुंडांचा हल्ला व्हायचा असतो आणि गावकऱ्यांना मदतीला उभं करायचं असतं. दुकानदार चेट आपलं सामान फुकट काढून देतो ते बार्टर असलेल्याला. म्हातारा ईझी पीट डायनामाइटला हात लावू देतो ते एक्स्प्लोसिव्ह्जची जाण असलेल्याला. एकच लढाई, पण दोघांच्या बाजूला वेगळी माणसं आणि वेगळं सामान. संवादात लागणारा आकडा आणि तुमचा आकडा दोन्ही समोर दिसतात. कमी पडत असतानाही तेच वाक्य निवडलं तर तुमचा माणूस चारचौघांत अडखळतो, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

असंच इतर गेममध्ये बघा. एकाच दारापाशी दोन्ही कॅरेक्टर न्या, एकाच माणसाशी दोघांना बोलायला लावा. ड्यूस एक्समध्ये पहिलीच कामगिरी, लिबर्टी आयलंडची, पुरेशी आहे. सुरुवातीला भाऊ पॉल तीनपैकी एक शस्त्र निवडायला सांगतो. दोन फेऱ्यांत दोन वेगळी घ्या आणि पुतळ्याकडे जाणारे रस्ते कसे बदलतात ते बघा.

तपासणी: दोन तासांत दोन्ही कॅरेक्टरमधले किमान तीन फरक वहीत लिहिता आले पाहिजेत. ‘याची बंदूक चांगली लागते’ हा धरू नका. तीन झाले नाहीत तर परतावा मागा, संकोच नको.

काही गेमना ही चाचणी अन्याय करते, हेही सांगायला हवं. किंगडम कमची प्रस्तावनाच लांब आहे आणि तिच्यात तुम्ही मुद्दाम दुबळे ठेवलेले असता. सायबरपंकचा पहिला अंकही तसाच. अशा गेमसाठी दोन तास पुरणार नाहीत. तिथे टप्पा ३ आणि ४ दुप्पट काळजीनं करा आणि मोठ्या सेलची वाट बघा.

## टप्पा ८: पॉइंट कसे टाकायचे

योग्य गेम मिळाल्यावरही लोक तो इथे हरवतात. मीही न्यू वेगासची पहिली फेरी तेरा स्किल्सना समान वाटून खेळलो होतो आणि वीस तास मला तो बेचव वाटला. दोष गेमचा नव्हता.

पहिला नियम: दोन खांब आणि एक टेकू. दोन स्किल्स मनापासून वाढवा, त्यातलं एक अडचणीतून जीव वाचवणारं आणि एक दार उघडणारं. तिसरं आधाराला. बाकीच्यांना हात लावू नका.

दुसरा नियम: पायऱ्या ओळखा. न्यू वेगासमध्ये कुलपांच्या पायऱ्या २५, ५०, ७५ आणि १०० आहेत. लॉकपिक ६० असणं आणि ५० असणं कुलपापुढे जवळपास सारखंच. ते दहा पॉइंट दुसरीकडे कामाला आले असते. संवादातल्या अटीही न्यू वेगासमध्ये ठाम आकड्यांच्या आहेत, त्यामुळे एखाद्या अटीला थोडं कमी पडत असेल तर स्किलचं मासिक वाचून तात्पुरते दहा मिळवा. फॉलआउट ३ मध्ये हेच टक्केवारीच्या नशिबावर होतं.

तिसरा नियम: आकडा कमी असताना तक्रार करण्याआधी आकडा बघा. मॉरोविंडमध्ये मेजर (मुख्य म्हणून निवडलेलं) स्किल ३० पासून सुरू होतं, मायनर (दुय्यम) १५ पासून आणि उरलेली ५ पासून. वंशाचा आणि क्लासचा बोनस त्यावर. लोक लाँग ब्लेड न निवडता तलवार उचलतात, धावत धावत दम संपवतात, आणि दम रिकामा असताना मारलेले वार चुकले की गेम बंद करतात. हातातलं शस्त्र मेजर स्किलचं हवं आणि लढाईआधी चालत जायला हवं, एवढं केलं तरी पहिले पाच तास वेगळे जातात. ड्यूस एक्समध्येही न शिकलेल्या पिस्तुलाचा नेम विस्कटलेला असतो. थांबा, स्थिर व्हा, मग झाडा.

काही सापळे आधीच माहीत असावेत, कारण त्यात खेळाडूचा दोष नसतो. ड्यूस एक्समधलं पोहण्याचं स्किल जवळपास कुठेच लागत नाही. सिस्टिम शॉक २ मध्ये सायबर मॉड्यूल (स्किल वाढवायचे पॉइंट) मोजकेच मिळतात आणि परग्रही शस्त्रं हातात यायला बराच वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला ती वापरायच्या ‘एक्झॉटिक’ स्किलवर खर्च करू नका. ब्लडलाइन्सच्या उत्तरार्धात लढाया टाळता येत नाहीत. नुसतं बोलणारं कॅरेक्टर तिथे अडकतं, म्हणून एक तरी लढण्याचं साधन वेळेत वाढवा.

> सावध: नेटवर ‘बेस्ट बिल्ड’ (पॉइंट कुठे टाकायचे याचा तयार आराखडा) शोधू नका. ‘पहिल्यांदा खेळणाऱ्यानं टाळायचे सापळे’ एवढंच शोधा. दुसऱ्याचा बिल्ड उतरवून घेतला की कॅरेक्टर त्याचं असतं, तुम्ही फक्त बटणं दाबता.

संवादातला प्रयत्न फसला म्हणून सेव्ह पुन्हा उघडू नका. किंगडम कममध्ये ‘सेव्हियर श्नाप्स’ ही दारू, झोप किंवा गेम बंद करणं यावाचून मनाला येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही, म्हणून तिथली फसलेली चोरी लक्षात राहते. इतर गेममध्ये हा संयम तुम्ही आणायचा.

तपासणी: पाच तासांनी मागे वळून बघा. ‘माझ्याकडे ते नव्हतं म्हणून हे करावं लागलं’ असा एक तरी प्रसंग घडला का? घडला नसेल तर पॉइंट बहुतेक पसरले आहेत. कॅरेक्टर नव्यानं बनवा, पाच तासांचा मोह धरू नका.

## टप्पा ९: दुसऱ्या फेरीची तयारी पहिल्याच फेरीत

कॅरेक्टर बनवण्याच्या अगदी शेवटच्या क्षणाचा एक सेव्ह वेगळा ठेवा आणि त्यावर कधीही दुसरं काही लिहू नका. न्यू वेगासमध्ये गुडस्प्रिंग्ज सोडताना कॅरेक्टर शेवटचं बदलायची संधी मिळते. सेव्ह नेमका त्याआधी करा. मॉरोविंडमध्ये सेडा नीनच्या कचेरीतून बाहेर पडण्याआधी करा. दुसऱ्यांदा खेळायची इच्छा झाली की सुरुवातीची लांबलचक ओळखपरेड पुन्हा करावी लागत नाही.

पहिल्या फेरीत जिथे जिथे दार उघडलं नाही, वाक्य बोलता आलं नाही, माणूस ऐकेना, त्या जागा वहीत टिपत जा. गावाचं नाव आणि काय कमी पडलं, एवढं पुरे. गेम संपेल तेव्हा त्या यादीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली उणीव शोधा, आणि राखून ठेवलेल्या त्या सेव्हमधून दुसरं कॅरेक्टर तिच्यापासून सुरू करा.